चीज-बोर्डची मांडणी आणि घड्याळाचे काटे

पाहुणे येणार म्हटले की पूर्वी चिवड्याचे डबे उघडत आणि कढईत भजी पडत. आता शहरांतल्या अनेक घरांत शनिवारच्या संध्याकाळी टेबलावर एक लाकडी फळी येते. तिच्यावर तीन-चार प्रकारची चीज, सलामी आणि हॅमच्या चकत्या, ऑलिव्ह, द्राक्षे, अक्रोड आणि बिस्किटे. यजमानाला गॅसजवळ उभे राहावे लागत नाही, पाहुणे हवे ते हवे तेवढे उचलतात आणि गप्पा दोन-तीन तास रंगतात.

या सोयीतच एक गोम आहे. भजी उकळत्या तेलातून थेट ताटात येतात. चीज-बोर्डवरचा एकही पदार्थ वाढण्यापूर्वी तापवला जात नाही. तो कापला जातो, हातांनी मांडला जातो आणि तासन्‌तास उघड्यावर राहतो. म्हणून फळी कितीही देखणी सजवली तरी यजमानाने दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत. यातला कोणता पदार्थ किती वेळ बाहेर राहू शकतो? आणि तो कोणाच्या पोटात जाणार आहे?

पाणी काढले, म्हणून टिकले

चीज काय किंवा सुकवलेले मांस काय, दोन्हींचा जन्म टिकवणुकीच्या गरजेतून झाला. युरोपातल्या शेतकऱ्याला उन्हाळ्यातले जादा दूध आणि हिवाळ्याच्या तोंडावर कापलेले डुक्कर पुढचे अनेक महिने पुरवायचे होते. त्याने वापरलेली साधने आपल्या लोणच्यात आणि सुकटीत असतात तीच आहेत: मीठ, आंबटपणा, वारा आणि वेळ.

इटलीतल्या पार्मिजानो चीजचे एक चाक साधारण चाळीस किलोचे असते आणि त्यासाठी पाचशे लिटरहून अधिक दूध लागते. बाकीचे पाणी निवळीतून, मिठातून आणि किमान बारा महिन्यांच्या मुरवणीतून निघून जाते. पार्मा गावचे प्रसिद्ध हॅम म्हणजे डुकराची तंगडी आणि मीठ, बाकी काही नाही; तेही वर्षाहून अधिक काळ हवेत सुकते. खरी इटालियन सलामी कच्च्या मांसाच्या खिम्यात मीठ घालून करतात. दह्याच्या विरजणात असतात तशा जातीचे जिवाणू तिच्यात आम्ल तयार करतात आणि मग ती आठवडेच्या आठवडे टांगून वाळवतात.

जिवाणूंना वाढायला नुसते पाणी असून चालत नाही; ते मोकळे, वापरता येण्याजोगे असावे लागते. मीठ हे पाणी बांधून ठेवते. शास्त्रज्ञ हे मोकळे पाणी 0 ते 1 या मोजपट्टीवर मोजतात. ताज्या मांसाचा आकडा 0.99 च्या आसपास असतो. तो 0.92 च्या खाली गेला की लिस्टेरियासारखा चिवट जिवाणूही वाढू शकत नाही. चीज-बोर्डवरच्या पदार्थांची खरी विभागणी देशावरून किंवा किमतीवरून होत नाही, ती या ओलाव्यावरून होते. एका बाजूला कोरडे, खारट, मुरलेले पदार्थ येतात: पार्मिजानो, जुने चेडार, कडक सलामी. दुसऱ्या बाजूला ओले आणि मऊ पदार्थ येतात: ब्री, कॅमेम्बर्ट, मोझरेला, क्रीम चीज, उकडलेले हॅम. पारशी घरांतले नाजूक टोपली पनीरही याच दुसऱ्या बाजूचे. पहिला गट उघड्यावर तग धरतो. दुसऱ्या गटाला थंडावा लागतो.

नाव सलामीचे, गुण वेगळे

आपल्या बाजारात फसगत होते ती इथे. भारतातल्या दुकानांत ‘चिकन सलामी’ म्हणून मिळणाऱ्या गुलाबी, गोल चकत्या बहुतांशी उकडलेल्या, भरपूर ओलावा असलेल्या मांसाच्या असतात. त्या आंबवलेल्या नसतात आणि वाळवलेल्याही नसतात. कडक इटालियन सलामीशी त्यांचे नाते केवळ नावाचे आणि आकाराचे. परदेशी पुस्तकात किंवा व्हिडिओत ‘सलामी दोन-तीन तास बाहेर राहिली तरी चालते’ असे वाचून-पाहून या ओल्या चकत्या तेवढा वेळ बाहेर ठेवल्या, तर तो सल्ला भलत्याच पदार्थाला लावल्यासारखे होते. पाकिटावर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असे लिहिले असेल तर तो पदार्थ ओल्या गटातला समजावा. पाकीट उघडल्यावर अशा चकत्या तीन ते पाच दिवसांत संपवाव्यात, मग छापील मुदत कितीही पुढची असो.

उलट टोकाचे उदाहरण गोव्याच्या चोरीसचे. पोर्तुगीज वारशाचा हा सॉसेज मीठ, मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवून वाळवलेला असतो. पण तो आत कच्चा असतो आणि शिजवूनच खायचा असतो. दिसायला सलामीसारखा आहे म्हणून त्याच्या चकत्या करून फळीवर मांडू नयेत. कढईत नीट शिजवून, पावाच्या तुकड्यांबरोबर गरम वाटीत ठेवला तर मात्र तो या फळीची शान वाढवतो.

‘खोलीचे तापमान’ म्हणजे कोणते?

चीज फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवावे, म्हणजे त्याचा स्वाद खुलतो, असे सगळी पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. ते खरे आहे. गार चीजमधली चरबी घट्ट असते आणि त्यातले सुगंधी घटक नाकापर्यंत पोचत नाहीत. पण तिथली खोली विशीच्या आसपास अंश सेल्सिअसची असते. एप्रिलमधल्या नागपूरची किंवा ऑक्टोबरमधल्या मुंबईची बैठकीची खोली बत्तीस-पस्तीस अंशांवर असते. अशा खोलीत कडक चीजला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मऊ चीज आणि मांसाच्या चकत्या तर पाहुणे आल्यावरच काढाव्यात.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबाबतचा नियम सोपा आहे. नासणारा पदार्थ दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक नको. महाराष्ट्रात वर्षातले बरेच महिने हा एक तासाचाच नियम लागू पडतो.

या तासाभरात घडते काय? स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवरही सर्रास राहतो. चकत्यांची फुले करताना, घड्या घालताना तो बोटांवरून मांसावर उतरतो. बहुतेक जिवाणू मिठाला घाबरतात. हा घाबरत नाही. खारवलेले, ओले, कापलेले हॅम हे त्याचे आवडते ठिकाण आहे. कोमट खोलीत तो वाढतो आणि विष तयार करतो. हे विष नंतर गरम केल्यानेही जात नाही. पाहुणे घरी पोचतात आणि खाल्ल्यापासून साधारण एक ते सहा तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात मुरडा सुरू होतो. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. वयस्कर माणूस किंवा लहान मूल मात्र पाणी कमी होऊन रुग्णालयात दाखल होऊ शकते. सोबत वाइन किंवा अन्य मद्य घेतले की जंतू मरतात, हा समज निराधार आहे. पोटात गेल्यावर मद्य इतके पातळ होते की जंतूंना त्याचा धाक उरत नाही.

फ्रिजला न जुमानणारा जिवाणू

उलट्या निदान लगेच कळतात. लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हा जिवाणू उशिरा कळतो आणि त्याचा घावही अधिक खोल असतो. फ्रिजमध्ये बहुतेक जंतूंची वाढ थांबते किंवा फार मंदावते. लिस्टेरिया चार अंशांतही सावकाश वाढत राहतो. दूध पाश्चराइझ केल्यावर तो मरतो, पण कारखान्यातल्या ओल्या फरशीवर, नाल्यांत, चकत्या कापणाऱ्या यंत्राच्या पात्यांवर तो ठाण मांडतो आणि तयार झालेल्या मालावर पुन्हा उतरतो. ब्री आणि कॅमेम्बर्टवरची पांढरी बुरशी चीज मुरवताना त्याचा आंबटपणा कमी करत जाते. चव मऊ होते, आणि लिस्टेरियाला अडवणारी एक भिंतही पडते.

1985 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून लिस्टेरियाची साथ पसरली. नोंदलेल्या 142 रुग्णांपैकी 93 या गर्भवती किंवा त्यांची बाळे होती. गर्भातली बाळे धरून 48 जीव गेले. 2017 आणि 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तयार, शिजवलेल्या सॉसेजमधून पसरलेल्या साथीत हजाराहून अधिक रुग्ण सापडले आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले. त्या साथीतही नवजात बालकांचे प्रमाण मोठे होते.

गर्भवतीला लिस्टेरियाचा संसर्ग होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते. तिला स्वतःला फक्त थोडा ताप, अंगदुखी, कणकण जाणवते. पण जिवाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि गर्भपात, मृतजन्म किंवा नवजात बाळाला जंतुदोष होऊ शकतो. पासष्टीपुढची माणसे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांच्यात हाच जिवाणू मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. खाल्ल्यापासून आजारापर्यंत कधी काही दिवस जातात, कधी दोन महिन्यांहूनही जास्त. त्यामुळे त्या पार्टीची आठवण कोणाला राहत नाही.

ती आठवण डॉक्टरांना सांगणे का महत्त्वाचे? कारण गंभीर तापात सर्रास दिली जाणारी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी इंजेक्शने लिस्टेरियावर चालत नाहीत. त्याच्यावर चालते ते अँपिसिलिन, म्हणजे एक जुने आणि स्वस्त औषध. गर्भवतीला ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नये आणि गेल्या काही आठवड्यांत मऊ चीज किंवा थंड मांस खाल्ले असेल तर ते आवर्जून सांगावे.

याचा अर्थ गर्भवतीने चीज सोडावे असा नाही. पाश्चराइझ्ड दुधाचे कडक चीज आणि डब्यातले प्रक्रिया केलेले चीज ती खाऊ शकते. ब्री, कॅमेम्बर्ट आणि निळ्या बुरशीची मऊ चीज थंड खाणे टाळावे. हॅम-सलामी हवीच असेल तर वाफ निघेपर्यंत गरम करून खावी. उष्णतेपुढे लिस्टेरियाचा टिकाव लागत नाही.

औषधाची पट्टी आणि जुने चीज

साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये नैराश्यावरची काही नवी औषधे घेणाऱ्या रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी होत असे, रक्तदाब भडकत असे. काहींना मेंदूत रक्तस्राव झाला. कारण सापडत नव्हते. नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याने पत्र लिहून कळवले की ही औषधे घेणाऱ्या त्याच्या पत्नीला चीज खाल्ल्यावर असा त्रास होतो. लंडनमधले तरुण मनोविकारतज्ज्ञ बॅरी ब्लॅकवेल यांनी तो धागा पकडला आणि 1963 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चीज आणि या औषधांचा संबंध मांडला.

चीज जसे मुरते तसे त्यातल्या प्रथिनांपासून टायरामिन नावाचा पदार्थ तयार होतो. मुरवलेल्या सलामीतही तो असतो. एरवी आतडे आणि यकृतातले एक विकर त्याचा निकाल लावते. हे विकर औषधाने बंद पडले की टायरामिन रक्तात शिरते आणि रक्तदाब झपाट्याने वाढवते.

नैराश्यावरची ती औषधे आज फारशी वापरली जात नाहीत. तरी हा धडा आपल्याकडे जुना झालेला नाही, कारण क्षयरोग. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर महिनोन्‌महिने दिले जाणारे लिनेझोलिड हे त्या विकराला काही प्रमाणात अडवते. क्षयाच्या नेहमीच्या उपचारातले आयसोनियाझिड घेणाऱ्या काहींना चीज किंवा विशिष्ट मासे खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, धडधड, डोकेदुखी असा त्रास होतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यातले अनेकजण नोकरी करतात, मित्रांकडे जातात आणि आजाराविषयी कोणाला सांगत नाहीत. त्यांनी गोळी चुकवू नये, जुने मुरलेले चीज आणि आंबवलेले मांस चुकवावे. ताजे पनीर चालते. पार्किन्सनच्या आजारावरील सेलेजिलीन, रासाजिलीन घेणाऱ्या ज्येष्ठांनीही आपल्या डॉक्टरांना याबाबत विचारून घ्यावे.

मिठाचा आणि मांसाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे. म्हणजे साधारण एक सपाट चमचा. कडक सलामीच्या शंभर ग्रॅममध्ये चार ते पाच ग्रॅम मीठ असते. तीस ग्रॅम सलामी, तीस ग्रॅम चेडार, पाच-सहा ऑलिव्ह आणि चार खारी बिस्किटे मिळून अडीच-तीन ग्रॅम मीठ सहज पोटात जाते. निम्म्याहून अधिक दिवसाचा वाटा, आणि जेवण अजून व्हायचे असते. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाचे पाय दुसऱ्या दिवशी सुजले, दम लागला, तर त्याचे मूळ कधी कधी या ‘थोड्याशा’ चटकमटक खाण्यात असते.

मांसाचा गुलाबी रंग आणि टिकाऊपणा यामागे बहुधा नायट्राइट असते. ते उगाच आलेले नाही. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात सॉसेज खाऊन माणसे लुळी पडत आणि दगावत. युस्टिनस केर्नर या डॉक्टरने 1820 च्या सुमारास त्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले. बोट्युलिझम हे तिचे नाव लॅटिनमधल्या सॉसेजवाचक शब्दावरूनच आले. तिला कारण असलेल्या जिवाणूला नायट्राइट रोखते. पण त्याच नायट्राइटपासून आतड्यात कर्करोगाला पोषक संयुगे तयार होऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. त्याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखा असा नव्हे, पुरावा सारखाच पक्का आहे असा होतो. रोज पन्नास ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे 18 टक्क्यांनी वाढते. इथे ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर खाल्लेल्या चार चकत्यांनी कोणी घाबरून जाऊ नये. मुलांच्या डब्यात रोज सलामी सँडविच जात असेल, तर मात्र विचार करावा.

मग फळी कशी मांडावी?

पाया कोरड्या गटाचा ठेवावा: दोन कडक चीज, आणि मिळाली तर खरी वाळवलेली सलामी. माणशी तीस ग्रॅम चीज आणि तेवढेच किंवा त्याहून कमी मांस पुरे. मऊ चीज एकच, छोट्या वाटीत. ती वाटी बर्फाच्या मोठ्या वाडग्यात बसवावी. ओल्या चकत्या एकदम सगळ्या न मांडता थोड्या थोड्या फ्रिजमधून आणाव्यात. रिकाम्या झालेल्या बशीतच नव्या चकत्या टाकू नयेत, बशी बदलावी. काढल्याची वेळ मोबाइलवर लावून ठेवावी. तासानंतर उरलेले ओले मांस आणि मऊ चीज परत फ्रिजमध्ये न ठेवता टाकून द्यावे. जीवावर येते, पण कमी काढले तर टाकायलाही कमी लागते.

हात साबणाने धुऊन मग मांडणी करावी. बोटाला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्यावे. प्रत्येक चीजला स्वतंत्र सुरी, मांसाला चिमटा. फळी धुऊन पूर्ण वाळलेली हवी. कडक चीजच्या तुकड्यावर बुरशी दिसली तर तिच्याभोवतीचा अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचे खाता येते. मऊ किंवा किसलेल्या चीजवर दिसली तर सगळेच टाकावे.

उरलेली जागा काकडी, गाजर, मुळा, पेरू, डाळिंब, बिनखारे शेंगदाणे यांनी भरावी. त्याने मीठ आपोआप कमी होते आणि ज्वारीची कडक भाकरी खाऱ्या बिस्किटांहून सरस ठरते. अक्रोड-शेंगदाणे वेगळ्या वाटीत असावेत, कारण काहींना त्यांची घातक अ‍ॅलर्जी असते. दूध न पचणाऱ्यांना एक दिलासा: पार्मिजानो किंवा जुन्या चेडारमध्ये दुधातली साखर जवळपास उरलेली नसते, त्यामुळे दुधाने पोट फुगणाऱ्यांनाही ते बहुधा सोसते.

शाकाहारी पाहुण्यांसाठी मांसाची फळी वेगळी ठेवावी, सुऱ्याही वेगळ्या. चीज म्हणजे शाकाहारीच असेही गृहीत धरू नये. दूध फाडण्यासाठी पूर्वापार वासराच्या जठरातले रेनेट वापरतात आणि पार्मिजानोत आजही तेच असते. भारतात बनणारी बरीचशी चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या विकराने तयार होतात; पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून खात्री करता येते.

शेवटची तयारी बाजारात नव्हे, फोनवर होते. आमंत्रण देतानाच विचारावे, ‘कोणाला काही चालत नाही असे आहे का? औषधे, पथ्य, काही?’ गर्भारपणाची बातमी पहिल्या तीन महिन्यांत कोणी सांगत नाही, क्षयाची तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाजवळ नावाची छोटी चिठ्ठी ठेवावी: कोणते चीज, कोणते मांस, मऊ की मुरलेले. मग ज्याला जे टाळायचे आहे तो ते कारण न सांगता टाळू शकतो, आणि गप्पांत खंडही पडत नाही.